पहिल्या हंड्याचं पाणी

१६ फेब्रुवारी, रविवार

आज आमच्या नळाला नवा पाइप आला आणि मी दिवसभर घरात पाहुणा आल्यासारखी मिरवत होते. काळाभोर, गुळगुळीत, निळ्या रेघेचा प्लास्टिकचा पाइप. जुना लोखंडी इतका गंजला होता की रोज पहाटे पहिली बादली तांबड्या पाण्याची यायची आणि ती ओतून द्यावी लागायची. आता ती कटकट गेली.

सहादू प्लंबरने पाइप कुंपणाच्या भिंतीकडेने आणला, म्हणजे शेजारच्या कारभारीभाऊंच्या गॅरेजच्या बाजूने. समोरून आणायचा तर पोर्चच्या फरशा फोडाव्या लागल्या असत्या आणि त्या फरशा मी स्वतः चार दुकानं पालथी घालून आणल्यात. "ताई, आता पन्नास वर्षं बघायला नको," सहादू म्हणाला. आई, म्हणजे माझ्या सासूबाई विमलाबाई, ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "लोखंडाचं पाणी खराब हाय ते दिसायचं तरी."

त्यांना नवीन काहीच आवडत नाही. मिक्सरशीही त्या अजून बोलत नाहीत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अखेर सुरू केलं! सकाळी सहा वाजता इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर टेबल मांडलं, वर स्टीलचा नळ लावलेलं पिंप, शेजारी पाटी: नागलीचं आंबील. क्लासच्या ऑफिसात अठरा वर्षं फी भरून घेतली, आता लोकांना काहीतरी प्यायला देते. रवीने पहिला ग्लास घेतला आणि नवऱ्याच्या जातीला शोभेल असं म्हणाला, "मीठ बरोबर आहे." तो तिथूनच ऑफिसला गेला.

नागली, म्हणजे नाचणी, हरसूलच्या बायडाबाईची. आमच्या ऑफिसातल्या शिपाईमामांनी ओळख करून दिली होती. पन्नाशीची बाई, डोंगरउतारावर स्वतः नागली लावते, बाजारच्या दिवशी विकते आणि माझ्यासाठी एसटीने पोतं घेऊन येते. रंगाला अशी लाल की मुठीत घेतली तरी छान वाटतं. वास मात्र मला नीटसा येत नाही. करोनानंतर माझं नाक अर्धंच परत आलं. फोडणी जळली तर कळतं, मोगरा कळत नाही. आंबील करणाऱ्या बाईचं नाक असं, हे मी कुणाला सांगत नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

६ मार्च, गुरुवार

कुंपणाच्या भिंतीला वाळवी लागलीय. कारभारीभाऊंना विचारलं, तुमच्याकडे काही आहे का? ते म्हणाले, "वहिनी, गाड्यांचे पार्ट धुतलेलं पेट्रोल असतंय माझ्याकडं. एरवी फेकूनच देतो. टाकतो की भिंतीच्या कडंला. वाळवीचा बाप येणार नाही." सायखेड्याचा माणूस, मदतीला एका पायावर तयार. डबाभर ओतलंही लगेच. वर म्हणाले, रोज संध्याकाळी ट्रे रिकामा करताना टाकत जाईन. बरी माणसं शेजारी असावीत.

त्यांना उद्या आंबील पाठवायचं.

२३ मार्च, रविवार

आज पिंप साडेसातलाच रिकामं! ट्रॅकवरच्या मंडळींनी व्हॉट्सअॅपचा गट काढलाय, 'आंबील मंडळ'. त्यात दोन डॉक्टर, एक निवृत्त तहसीलदार आणि धान्याचे एक घाऊक व्यापारीसुद्धा आहेत. व्यापारी बायडाबाईची नागली बघून खूश झाले आणि हरसूलला माणूस पाठवून तिच्याकडची उरलेली घेतो म्हणाले. मी तिला फोन केला तर ती हसतच सुटली. "ताई, तुमच्यामुळं माजं नाव नाशकात गेलं."

वाळवी गेली. भिंतीकडेची घाणेरीची झुडपंही जळून गेली.

३० मार्च, रविवार

माझी सकाळ आता ठरून गेलीय. साडेपाचला पाणी येतं. सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू व्हायच्या आत पहिला हंडा भरायचा. हेच पाणी सगळ्यात चांगलं, पूर्वीसारखं तांबडं नाही, काही नाही. त्यातून दुसऱ्या दिवशीसाठी नागलीचं पीठ भिजवायचं, ताक करायचं, आईंचा माठ भरायचा. मग बाकीचं पाणी, भांड्याधुण्याचं. फिल्टरचं पाणी आम्हा दोघांना प्यायला पुरतं, पण वीस लिटर ताकाला त्याच्या भरवशावर बसले तर दुपार होईल. आणि आई फिल्टरचं पीत नाहीत. म्हणतात, त्या पाण्याला चवच नसते.

आज त्यांनी माठातलं पाणी तोंडात घेऊन चक्क मोरीत थुंकलं. "गॅरेजचा वास येतोय."

"आई, गॅरेज शेजारी आहे. सगळ्यालाच येतो."

"सगळ्याला येत नाय. पाण्याला येतोय."

रवीला वास घ्यायला लावला. तो म्हणाला, खिडकी लावा. लावली.

४ एप्रिल, शुक्रवार

निवृत्त तहसीलदारांनी अर्धा ग्लास परत ठेवला. "मॅडम, आज जरा वेगळं लागतंय. औषधासारखं." मी जिरं जास्त झालं असेल म्हटलं. घरी येऊन पिंप चिंचेने घासलं, मग सोड्याने. रात्रभर मनात तेच.

१४ एप्रिल, सोमवार

लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

जयंतीसाठी विहारात आंबील माझ्याकडून, असं मीच पुढे होऊन सांगितलं होतं. दोनशे ग्लास. पांढरी साडी, मुलं निळे फेटे बांधून. वंदना झाली आणि मी वाटायला उभी राहिले. चौथ्या-पाचव्या ग्लासाला एक चिमुरडी तोंड वाकडं करून आईला म्हणाली, "मम्मी, पप्पांच्या गाडीसारखं लागतंय." लोक हसले. मग ज्यांनी प्यायलं होतं त्यांनी ग्लास नाकाशी नेले आणि हसू थांबलं. कुणी काही वाईट बोललं नाही, तेच जास्त लागलं. सगळं पिंप मी गटारात ओतलं. रवी ओतायला मदतीला आला. नंतर पिंपही त्यानेच धुतलं. शहाणा आहे.

घरी बसून विचार केला. चहाला वास नाही. भाजीला नाही, भाताला नाही. आम्ही पितो त्या पाण्याला नाही. वास आहे तो फक्त आंबिलाला. मग राहिली कोण? नागली.

१५ एप्रिल, मंगळवार

बायडाबाईला फोन केला. "पोतं कशातून आणतेस?"

"एसटीनं. कदी जीपनं."

"जीपमध्ये डिझेलचा डबा असतो?"

"असतो की मागं. पण लांब असतो, ताई."

झालं. मी तिला सांगितलं, तुझ्या नागलीला डिझेल लागलंय. ती म्हणाली, "तीच नागली आमी रोज खातो. आमाला नाय लागत. तुमचं पाणी बघा." मी म्हटलं, पाइप नवा आहे माझा. मग आंबील मंडळावर लिहिलं: हरसूलच्या बायडाबाईंच्या नागलीला डिझेलचा वास असल्याचं आढळलं, कृपया घेऊ नये, मी दिलगीर आहे. व्यापाऱ्यांचा लगेच अंगठा आला.

लिहून झाल्यावर हलकं वाटलं. म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.

१९ एप्रिल, शनिवार

बायडाबाई उरलेलं अर्धं पोतं न्यायला आली. मी पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "व्यापारी आला नाय. बाजारात बाया माजी नागली हुंगून बघत्यात आता. वीस वरसं बसते तिथं. कुनी हुंगली नव्हती." मग पोतं डोक्यावर घेऊन बसस्टॉपकडे गेली.

तिच्या पायात आज चपला होत्या का, असा वेडाच विचार दिवसभर येत राहिला. मी बघितलंच नव्हतं.

२१ एप्रिल, सोमवार

भद्रकालीतल्या दुकानातून दुसरी नागली आणली, पाकिटातली, मशीनने स्वच्छ केलेली. एका पातेल्यात आंबील केलं. आईंपुढे धरलं. त्यांनी नुसतं हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तोच?"

"तोच."

दुकानदाराच्या जीपमध्येही डिझेलचा डबा असेल, असं एक क्षण मनात आलं. इतका बावळटपणा कागदावर उतरवायला मजा येते.

२२ एप्रिल, मंगळवार

प्रयोग! साडेपाचला नळ सुटल्याबरोबर ओट्यावर सात काचेचे ग्लास. पहिला लगेच भरला, पुढचे दर दोन मिनिटांनी. मग आईंना उठवून परीक्षक म्हणून बसवलं. त्यांनी पदर सावरला, एकेक ग्लास नाकाशी नेला. कोर्टात बसल्यासारख्या.

"हा घाण. हा घाण. हा जरा कमी. ह्यो... हाय थोडा. ह्यो बरा. ह्यो बरा. ह्यो पाणी."

पहिल्या दोन-तीन ग्लासांत वास, पुढे नाही! म्हणजे पहिला हंडा. माझा आवडता, मोटारींच्या आधीचा, सगळ्यांत शुद्ध पहिला हंडा. फिल्टर वास गाळत होता, चहा-भाजीत तो उकळून उडून जात होता आणि ताकात मात्र तसाच राहत होता. ताकात आणि आईंच्या माठात.

आईंच्या माठात! महिनाभर ही बाई रोज सांगतेय आणि मी खिडक्या लावत बसलेय. दुपारी त्यांना डॉक्टरकडे नेलं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. वाटेत मी रिक्षात त्यांचा हात धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "हात सोड, घाम येतोय."

२४ एप्रिल, गुरुवार

आईंचे रिपोर्ट चांगले. डॉक्टर म्हणाले, ते पाणी मात्र आजपासून बंद, कुणीच प्यायचं नाही.

पाणी खात्यातून माणूस येऊन गेला. आला सातला. नळ चांगला पाच मिनिटं वाहू दिला, तोटीवरचे जंतू मरावेत म्हणून तिला पेटत्या काकड्याने शेक दिला आणि मग बाटली भरली. मी म्हटलं, अहो, पहिलं पाणी घ्या ना. तो म्हणाला, "मॅडम, नियम असा आहे. पहिलं पाणी सोडून द्यायचं." संध्याकाळी मोबाइलवर उत्तर: जंतू नाहीत, पिण्यास योग्य.

कागदावर माझं पाणी एकदम गुणी आहे.

२६ एप्रिल, शनिवार

खात्याच्या प्रयोगशाळेतली राखी नावाची मुलगी आज सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या स्कूटरवर, पहाटे सव्वापाचला दारात हजर! मी तिथे फोनवर बहुतेक रडले होते. तिने पहिलं पाणी काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घेतलं, हवेला जागाच ठेवली नाही. मग भिंतीकडे जाऊन वाकली आणि उभी राहिली ती नाक धरूनच.

"काकू, इथे पेट्रोल कोण ओततं?"

सांगितलं. वाळवीचंही सांगितलं. सांगता सांगताच माझा आवाज बारीक होत गेला.

सहादूला बोलावून खणायला लावलं. माती काळी, ओलसर. पाइप मात्र धड. कुठे चीर नाही, जोड कोरडे. सहादू छाती पुढे काढून म्हणाला, "बघा, थेंबभर गळती नाय. आत कसं जाईल?"

राखीने मला विचारलं, "काकू, तुम्ही लोणचं प्लास्टिकच्या बरणीत घालता?"

"छे! एकदा घातलं की वास जन्मात जात नाही. घासा, उन्हात ठेवा, काही करा."

"का जात नाही?"

"प्लास्टिक पितं ना तो..." म्हणाले आणि तशीच थांबले.

मग तिने समजावून सांगितलं. पेट्रोलला भोक लागत नाही. असा प्लास्टिकचा पाइप ते आपल्या अंगातच शोषून घेतो आणि हळूहळू आतल्या पाण्याला देतो. पाणी वाहतं असेल तर कळत नाही, पण आमच्याकडे दिवसाचे बावीस-तेवीस तास पाणी पाइपात नुसतं पडून असतं, तेवढ्या वेळात ते सगळं त्यात उतरतं. पांढरा कडक पाइप थोडा जास्त टिकतो, पण पेट्रोल इतकं ओतलं तर तोही मऊ पडतो. जोडातलं रबर तर लगेच फुगतं. अशा मातीत लोखंड किंवा तांबं, नाहीतर मध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेला पाइप. "आणि हा धुऊन चालणार नाही. काढूनच टाका. माती पण."

सहादूने पाइपचा हातभर तुकडा कापून नाकाशी नेला आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "तीस वर्षं पाइप टाकतोय. हे कुणी सांगितलंच नव्हतं."

कारभारीभाऊ कुंपणापलीकडे उभे होते. "वहिनी, मला वाटलं मी मदत करतोय." मी म्हटलं, भाऊ, मीच मागितलं होतं. त्यांचा चेहरा बघवेना. मग तेच फावडं घेऊन आत आले आणि माती काढू लागले.

२८ एप्रिल, सोमवार

आंबील मंडळावर खरं काय ते लिहिलं. नागलीत काही नव्हतं, पेट्रोल माझ्या पाण्यात होतं आणि ते मीच ओतवून घेतलं होतं. ज्यांनी ज्यांनी प्यायलं त्यांची माफी मागितली, काही त्रास वाटला तर डॉक्टरांना दाखवा म्हटलं. तहसीलदारांनी लिहिलं, "प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन." कुणीतरी फुलं पाठवली. मला फुलं कशाला?

विहारात जाऊनही सांगितलं. तिथे एक आजी म्हणाल्या, "अगं, पुढच्या वर्षी सरबत कर." ते मला चाललं.

बायडाबाई फोन उचलत नाही.

रात्री रवीने विचारलं, "तुला आधी नागलीच का वाटली गं? पाणी का नाही?" सहज विचारलं त्याने. मी म्हटलं, चहाला वास नव्हता म्हणून. ते खरंच आहे. पण पाइप माझा होता आणि नागली तिची, हेही खरं आहे. आई तर घरातच सांगत होत्या. त्यांचंही मी ऐकलं नाही. वासाचं नाक गेलं तर गेलं, बाकीचं तरी शाबूत असेल असं मला वाटत होतं.

३ मे, शनिवार

नवा पाइप आला. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, समोरून, पोर्चच्या फरशा फोडून. फुटताना मला वाईट वाटेल म्हणून रवी मला आत थांब म्हणाला. मी बाहेरच उभी राहिले. अजिबात वाईट वाटलं नाही, उलट एक हातोडा मीही मारला. पेट्रोलची माती महापालिकेच्या गाडीने नेली. राखीचा निरोप आला: पहिलं पाणीही स्वच्छ. आईंनी माठातलं पाणी तोंडात घेतलं, बराच वेळ घोळवलं आणि गिळलं.

उद्या हरसूलला बाजार आहे.

४ मे, रविवार

पहिली एसटी पकडली. बायडाबाई बाजारात तिच्या जागी बसली होती, पुढे गोणपाटावर नागलीची रास. मला बघून तिने मान फिरवली. शेजारची भाजीवाली लगेच सरसावून बसली.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. चूक माझी होती, पाण्यात पेट्रोल होतं, मंडळावर लिहिलंय, व्यापाऱ्यांनाही सांगितलंय.

"कुठं लिवलं?"

"मोबाइलवर. सगळ्यांनी वाचलं."

"इथल्या बायांनी वाचलं?" तिने बाजाराकडे हात केला. "त्या हुंगत्यात, त्यास्नी मोबाइल नाय."

 ती थोडी बाजूला सरकली आणि गोणपाटाचा कोपरा मोकळा केला. "बसा मग. आन सांगा येकेकीला."

बसले. पाय दुमडायची सवय गेलेली, गुडघ्यांनी चांगलाच निषेध नोंदवला. पहिली बाई आली, नागलीची मूठ उचलून नाकाशी नेली. मी सुरू केलं, "मावशी, त्याचं असं झालं, मी नाशिकला राहते, आमचा पाइप प्लास्टिकचा होता..." मी लोणच्याच्या बरणीपर्यंत पोचेपर्यंत ती बाई पुढच्या दुकानावर गेली होती. दुसरीने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मंग पेट्रोल विकता का तुमी?" भाजीवाली हसून हसून कोथिंबिरीवर पडली.

उन्हं चढली. मी सांगत होते. हळूहळू कमी शब्दांत सांगायला जमायला लागलं. कुणी घेतली, कुणी नाही. बायडाबाई मापटं भरत होती, माझ्याशी बोलत नव्हती. मध्येच तिने भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यापुढे ठेवली. नागलीचीच. मी नाकाशी नेली. मला काही कळलं नाही. खाल्ली. गोड होती.

"लय लांबण लावता, ताई," ती अखेर म्हणाली. "पाइप, पेट्रोल, लॅब. गिऱ्हाईक तेवढं उभं ऱ्हात नाय."

"मग काय सांगू?"

"ऱ्हाऊ द्या. बघा आता."

एक म्हातारे बाबा आले. रासेपुढे बसले, मूठभर नागली उचलली आणि डोळे मिटून हुंगायला लागले.

"हुंगा बाबा, चांगली हुंगा," बायडाबाई मोठ्याने म्हणाली, शेजारच्या चार दुकानांना ऐकू जाईल इतक्या. "माज्या नागलीला वास नाय. वास हिच्या पान्याला येतो. ही माजी नाशकाची ताई."

बाबांनी डोळे उघडून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग पिशवी पुढे केली. बायडाबाईने मापटं माझ्या हातात दिलं.

"भरा. काठोकाठ भरा."